शिवणाच्या खोलीतला कॉम्प्युटर

आमच्या शाळेला कॉम्प्युटर मिळाला तेव्हा विज्ञानाच्या प्रयोगशाळेत नळ नव्हता आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा फोन बहुतेक दिवस मुका असायचा. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. कॉम्प्युटर कोणी मागितला नव्हता. सरकारी योजनेत निवडक शाळांना तो मिळत होता आणि आमची निवड कशी झाली हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. शाळा मेहकरकडच्या एका बाजाराच्या गावातली. सुलतानपूरकडून येणारी एस.टी. उशिरा आली की पहिल्या तासाला अर्धा वर्ग रिकामा दिसायचा.

मी गणित शिकवायचो. नोकरीत नवा होतो, लग्न झालं नव्हतं, आणि मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत असल्यामुळे नाही म्हणायचं राहून गेलं. मला प्रशिक्षणाला अमरावतीला पाठवलं. तिथं आम्हाला कॉम्प्युटरचा इतिहास शिकवला, शून्य आणि एक यांच्यावर पुष्कळ सांगितलं. मशीन बंद पडलं तर काय करायचं, हा विषय शेवटच्या दिवशी जेवणानंतर उरकला. शिकवणारे तरुण प्राध्यापक म्हणाले, "आधी प्लग पाहा. मग वायरी घट्ट आहेत का पाहा. मग बंद करा, थोडं थांबा, पुन्हा सुरू करा. तरीही झालं नाही तर कंपनीला कळवा." मी ते लिहून घेतलं. पुढे बरीच वर्षं गावातला कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून माझं नाव होतं, ते एवढ्या भांडवलावर.

मध्ये एका रविवारी घरी गेलो. आमचं गाव अमडापूरच्या बाजूला. बाप अंगणात टोपली दुरुस्त करत बसला होता. त्यानं विचारलं, "ते मशीन काय करते?"

"सांगितलं ते करते."

"अन नाई सांगितलं तं?"

"काईच करत नाई."

त्यानं थोडा वेळ काम केलं. मग म्हणाला, "मंग तुले कायले ठेवलं?"

"ते बंद पडते म्हणून."

हे त्याला पटलं.

शाळेत पक्कं छत आणि नीट लागणाऱ्या खिडक्या असलेली एकच खोली होती, ती शिवणवर्गाची. शिवणाच्या बाई शाळा उघडली तेव्हापासून तिथं होत्या. पायाची शिवणयंत्रं, कपडा कापायचं लांब टेबल, भिंतीला लावलेले कागदी नमुने, हे सगळं त्यांनी जमवलेलं. त्यांना सांगण्यात आलं की सोमवारपासून अर्धी खोली कॉम्प्युटरची. बाई बरं म्हणाल्या. सोमवारी मी गेलो तर खोलीच्या मधोमध पडदा होता. जाड निळं कापड, वर कड्या, खाली दुमड. त्यांनीच शिवून लावला होता. मॉनिटर, कीबोर्ड आणि प्रिंटर यांची मापं घेऊन त्यांनी तिघांना धूळ बसू नये म्हणून झबलीही शिवली, कडेला लाल गोट लावून. माझ्याशी मात्र पहिला आठवडाभर त्या बोलल्या नाहीत.

उद्घाटनाला मुख्याध्यापकांनी नारळ माझ्या हातात दिला. आमच्या घरी नारळ फोडायची पद्धत नव्हती, त्यामुळे मला सवय नव्हती. मी तो हातात धरून उभा राहिलो. बाईंनी पुढे होऊन घेतला आणि उंबऱ्यावर एका फटक्यात फोडला. मुख्याध्यापकांनी त्यातलं पाणी मशीनवर शिंपडलं, वर हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी कीबोर्डवरची तीन बटणं दाबली की दाबलेलीच राहू लागली. ही माझ्या हातून झालेली पहिली दुरुस्ती. प्रयोगशाळेतलं स्पिरिट आणि कापूस आणून मी बटणांच्या कडा पुसत बसलो. पडद्याखालून एक बारीक ब्रश माझ्याकडे सरकला. शिवणयंत्रात अडकलेले धागे काढायचा तो ब्रश.

"वापस द्याल," पलीकडून आवाज आला.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं.

पुढचे बिघाड लहान होते. एकदा स्क्रीन काळी झाली. मी सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. शेवटी दिसलं की झाडणाऱ्यानं फडकं मारताना उजेड कमी-जास्त करायचं बटण शून्यावर फिरवलं होतं. एकदा प्रिंटर इतकं फिकं छापू लागला की कागद उन्हात धरून वाचावा लागे. नवी रिबन नागपूरहून यायची होती, म्हणजे येणार नव्हती. मी बाईंकडून शिवणयंत्राचं तेल मागून घेतलं आणि रिबनीवर दोन थेंब सोडले. अक्षरं उमटली. कागदाला बरेच दिवस तेलाचा वास येत होता.

मोठा बिघाड निराळाच होता. मधल्या सुटीनंतर नववीचा तास असायचा. मुलं एकेक अक्षर शोधून टाइप करायची, आणि अर्धा तास झाला की स्क्रीनवरचं चित्र आकसायचं, थरथरायचं आणि सगळं पुसून मशीन पहिल्यासारखं कोरं होऊन उभं राहायचं. मी प्लग पाहिला. वायरी पाहिल्या. बंद केलं, थांबलो, सुरू केलं. मग कंपनीला कळवलं. फोन चालू असलेला दिवस गाठून मी नागपूरला बोललो. तिकडचा माणूस म्हणाला, अर्थिंग तपासा.

अर्थिंगचा खड्डा खोलीच्या मागे होता. त्यात मीठ-कोळसा घालून तो ओला ठेवायचा असतो. मी रोज सकाळी शाळा भरण्याआधी तांब्यानं त्यात पाणी घालू लागलो. एक पालक दोन-तीन दिवस कुंपणापलीकडून पाहत होते. एक दिवस त्यांनी विचारलं, "सर, हे कोणाचं ठाणं हाये?"

"अर्थिंग आहे," मी म्हणालो.

त्यांनी हात जोडले आणि गेले.

पाण्यानं काही फरक पडला नाही. पण रोज त्याच खोलीत उभं राहून माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. चित्र आकसायच्या थोडं आधी ओल्या कापडावर काहीतरी गरम ठेवल्याचा वास येत होता. एकदा वास आल्याबरोबर मी पडदा सारला. बाई टेबलावर झगा पसरून इस्त्री करत होत्या. इस्त्रीची वायर ज्या बोर्डात होती, त्याच बोर्डातून आमच्याकडे वायर गेलेली. तेवढ्यात माझ्या मागे मुलं "गेलं, गेलं" म्हणाली.

"बाई, ही इस्त्री रोज याच वेळेला असते का?"

"हाव. पोरींचं शिवून झालं की करावं लागते. काऊन?"

मी सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी केली, बोर्डाकडे पाहिलं, माझ्या मशीनकडे पाहिलं.

"इस्त्रीबिगर शिवण दिसत नाई, सर. परीक्षक वाकडंच समजते."

"अन तुम्ही लावली की आमचं पुसलं जाते."

दोघांपैकी कोणाचंच चूक नव्हतं. नवी वायर टाकायची तर संस्थेच्या सभेत विषय मांडावा लागला असता, आणि सभा दिवाळीनंतर होती. म्हणून असं ठरलं की इस्त्री लावायच्या आधी बाई पलीकडून "इस्त्री" म्हणतील, मुलांनी हात उचलायचे, मी मशीन बंद करायचं. इस्त्री झाली की त्या "झालं" म्हणतील. ही व्यवस्था चांगली चालली. त्या तुकडीतली काही मुलं इस्त्रीला कॉम्प्युटरमधलीच एक आज्ञा समजत होती, हे मला उत्तरपत्रिकेत कळलं.

हिवाळ्यात मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. ते पुण्याकडचे, बोलणं छापल्यासारखं. जिल्ह्याचे अधिकारी कॉम्प्युटर पाहायला येणार आहेत, म्हणाले. "त्यांच्यासमोर मी एक प्रस्ताव ठेवणार आहे. ती संपूर्ण खोली संगणकासाठी घ्यावी. शिवणकाम आता कालबाह्य झालं आहे."

"आणि बाई?"

"संस्थेची संग्रामपूरकडे शाळा आहे. तिथं त्यांना सामावून घेता येईल."

बाईंचा नवरा अर्धांगवायूनं अंथरुणावर होता. मधल्या सुटीत त्या घरी जाऊन त्याला जेवू घालून परत येत. संग्रामपूर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. बाईंच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. मी पडद्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"मले माहीत हाये," बाई यंत्रात दोरा ओवत म्हणाल्या. "शिपायानं सांगितलं."

"मग आता?"

"आता काय. साहेब यायच्या आधी खोली झाडून घेऊ."

आणि त्यांनी खरोखर खोली झाडली. जाळी काढली, खिडक्या पुसल्या, आम्हा दोघांत असलेलं लोखंडी कपाट रिकामं करून पुन्हा लावलं.

अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशी मी सगळं एकदा चालवून पाहायचं ठरवलं. आमच्याकडे मशीनबरोबर आलेल्या दोनच फ्लॉपी होत्या. पातळ, चौकोनी, काळ्या. एकीत भारताचा नकाशा होता, दुसरीत बेरीज-वजाबाकीचा खेळ. मुख्याध्यापकांचा सगळा जीव नकाशावर. मी ती घातली. घरघर झाली आणि वाचता येत नाही असा इंग्रजी मजकूर आला. दुसरी घातली. तेच. प्लग पाहिला, वायरी पाहिल्या, बंद करून पुन्हा सुरू केलं. फ्लॉपी जाते ती खाच आतून स्पिरिटनं पुसली. मग प्रशिक्षणात मिळालेली एक कोरी फ्लॉपी घालून तिच्यावर दोन ओळी लिहून ठेवल्या आणि परत मागवल्या. आल्या. म्हणजे यंत्र चांगलं होतं आणि फ्लॉपीच गेल्या होत्या. दोन्ही एकदम.

मी कपाट उघडलं. फ्लॉपी ठेवायच्या जागेला टेकून घोड्याच्या नालेच्या आकाराचं लाल चुंबक होतं. बाई ते दोरीला बांधून जमिनीवरून फिरवत, म्हणजे पडलेल्या टाचण्या त्याला चिकटत आणि पोरींच्या पायात जात नसत. आजवर ते त्यांच्या टेबलाच्या खणात असायचं.

बाई मागे येऊन उभ्या होत्या. "काय झालं?"

"चुंबक यांच्याजवळ ठेवत नसतात."

"काऊन?"

"आतलं सगळं पुसते."

त्या स्टुलावर बसल्या. "मंग उद्याचं मीच बंद पाडलं म्हणा."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

"नाई."

"मंग."

फ्लॉपीच्या पाकिटावर चुंबकाचं चित्र काढून त्यावर फुली मारलेली होती. आम्ही दोघांनी ते चित्र थोडा वेळ पाहिलं.

शाळा सुटली होती. बाई घरी जायला उठल्या, पण गेल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याले आता काईच येत नाई?"

"येते. आपण टाइप करून दिलं तर करेल. गणित येते त्याले."

"भागाकार?"

"येतो."

"बारानं?"

"कशानंही."

त्या पडद्याच्या अलीकडे आल्या आणि पहिल्यांदा माझ्या बाजूच्या खुर्चीत बसल्या. "छातीचा बारावा भाग गळा," त्या म्हणाल्या. "लिहा."

त्या सांगत गेल्या. छातीचा चौथा भाग घ्यायचा, त्यात सैलपणा मिळवायचा. मुंढा, म्हणजे काखेची गोलाई, किती खोल, खांदा किती उतरता, बाही कुठून मोजायची. पोरी हे सगळं वहीत पाठ करत आणि भागाकारात चुकत, मग कापड वाया जाई. मी एकेक ओळ टाइप केली. छत्तीस छाती घालून पाहिली, बरोबर आलं. अडतीस घातली तर गळा तीन, पूर्णविराम, एक आणि पुढे सहांची रांग आली.

बाई स्क्रीनकडे पाहत राहिल्या. "असं माप टेपवर नसते."

"गणितानं बरोबर आहे."

"असन. पण कात्री कुठं लावू?"

ते पाव इंचापर्यंत आणायला मला संध्याकाळ लागली. मध्ये बाई घरी जाऊन, नवऱ्याचं सगळं करून परत आल्या. सगळं जुळल्यावर आम्ही ते कोऱ्या फ्लॉपीवर ठेवलं. फ्लॉपी मी घरी नेली. चुंबक बाईंनी नेलं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी दुपारी जीपमधून आले. जाडसर, थकलेले गृहस्थ होते. दारात बूट काढून ते आत आले. मागोमाग मुख्याध्यापक. एका बाजूला नववीची मुलं, दुसऱ्या बाजूला शिवणाच्या पोरी. मुख्याध्यापकांनी संगणकयुगावर थोडं बोलून मला सांगितलं, "नकाशा दाखवा."

"सर, नकाशाची फ्लॉपी खराब झाली आहे."

"कशानं?"

मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "माह्या चुंबकानं. मी तिथं ठेवलं होतं."

मुख्याध्यापक अधिकाऱ्यांकडे वळले. "साहेब, नेमकं याचसाठी मी तो प्रस्ताव दिला आहे. हे दोन वर्ग एका खोलीत नांदू शकत नाहीत."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. मग मशीनकडे बोट करून मला विचारलं, "मग सध्या हे काय करतं?"

"मापं काढतं, साहेब."

"कसली?"

बाई पुढे झाल्या. "साहेब, तुमची छाती किती?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला.

"इंचात," मी म्हणालो.

"मला माहीत नाही," अधिकारी म्हणाले. "शिंपी घेतो."

बाईंच्या गळ्यात टेप होताच. "हात वर करा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात वर केले. बाईंनी छाती घेतली, खांदा घेतला, बाही घेतली आणि आकडे सांगितले. शिवणवर्गातल्या एका मुलीनं ते टाइप केले. प्रिंटरमध्ये कागद तिरका शिरला. मी तो सोडवला, पुन्हा लावला. मशीन किरकिरत छापू लागलं. मराठी अक्षरं त्याला येत नव्हती, म्हणून गळा, खांदा, मुंढा हे शब्द इंग्रजी अक्षरांत उमटले, समोर आकडे.

अधिकाऱ्यांनी कागद दूर धरून वाचला. मग हात जरा उचलून काखेकडे बोट दाखवलं आणि आवाज खाली आणून बाईंना विचारलं, "माझा प्रत्येक शर्ट इथं ओढतो. का हो?"

बाईंनी दोन बोटांनी शिवण चाचपली. "मुंढा कमी ठेवला शिंप्यानं. हे पाहा, तुम्हाले एवढा लागते."

"हे त्याला दाखवलं तर चालेल?"

"दाखवा."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. चहा घेतला. प्रस्तावाबद्दल मुख्याध्यापकांनी पुन्हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "कशाला हलवता? चाललं आहे की." मग बूट घालून जीपमध्ये बसले.

मुख्याध्यापकांनी मला संध्याकाळपर्यंत काही विचारलं नाही. मग विचारलं, "ते मापाचं कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"आमच्या दोघांच्या," मी म्हणालो.

काही दिवसांनी दुसऱ्या शाळांतले शिक्षक आमची खोली पाहायला येऊ लागले. साहेबांनी पाठवलं म्हणून सांगायचे. मुख्याध्यापक त्यांना स्वतः फिरवत. आपण शिवण आणि संगणक मुद्दाम एका खोलीत ठेवले, असं ते पाहुण्यांना समजावत. हळूहळू त्यांना स्वतःलाही तसंच आठवू लागलं असावं. संग्रामपूरचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या वर्षी संस्थेनं कॉम्प्युटरसाठी वेगळी वायरही ओढून दिली. तरी बाई सवयीनं "इस्त्री" म्हणत आणि मुलं हात उचलत.

नव्या फ्लॉपी बऱ्याच काळानं आल्या. नकाशा पुन्हा दिसू लागला. मुलांनी तो एकदा पाहिला आणि पुन्हा आपल्या घरच्यांची मापं काढायला बसली.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेनं त्यांना साडी दिली, भाषणं झाली. नंतर त्या खोलीत आल्या. मी मशीन बंद करत होतो. स्क्रीनवरचं चित्र आकसून मधोमध एक ठिपका राहिला, मग तोही गेला. बाई उभ्या राहून पाहत होत्या.

"सर, एक विचारू? फ्लॉपीवर नाई ठेवलं तं ते कुठं जाते? आता होतं ते."

"कुठंच जात नाही, बाई. राहतच नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "बरं हाये," त्या म्हणाल्या. मग कात्री पिशवीत टाकली, चपला घातल्या आणि नवऱ्याच्या जेवणाची वेळ झाली म्हणून घरी गेल्या.